अठराचा नियम

माझ्या सख्ख्या भावाच्या नशिबी मी सहा वर्षं जास्त खांबावर चढणं लिहिलं, आणि त्याने त्याबद्दल गावभर माझं कौतुक केलं.

"आमच्या शैलाचं गणित हाये ते," तो भेटेल त्याला सांगायचा. "रगत बघून काढत्यात. आमच्या जोडीच्या गेनूला चौपन्नलाच घरी बसवला. माझं रगत चांगलं निघालं, मला सहासष्ट!" शाळेत पहिला नंबर आल्याच्या थाटात सांगायचा. आणि मी पुण्यात बसून ऐकायचे आणि सुखावायचे. माणूस चांगली बातमी कधी तपासून बघत नाही. माझा तर धंदाच तपासण्याचा, तरी मीही नाही बघितली.

मी विमागणिती आहे. माणसं सरासरी किती जगतील याचा अंदाज बांधायचा आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद पुरेल की नाही ते सांगायचं, हे आमचं काम. लग्नकार्यात कुणीतरी हटकून विचारतं, "मग आमचं सांगा की, किती उरली?" पूर्वी मी ठरलेलं उत्तर द्यायचे. मी एकट्याचं सांगत नाही, हजारांचं सांगते. पेशींचं घड्याळ आलं आणि ते उत्तर खोटं झालं.

त्या घड्याळाची गोष्ट थोडक्यात अशी. आपल्या पेशींमधल्या डीएनएवर जागोजागी बारीक रासायनिक खुणा असतात. वय वाढतं तशा काही खुणा वाढतात, काही पुसट होतात, आणि हे बऱ्यापैकी ठरलेल्या क्रमाने होतं. रक्ताच्या एका थेंबातून अशा काही हजार खुणा वाचल्या की शरीर किती वर्षांइतकं झिजलंय ते कळतं. त्याला आम्ही पेशीवय म्हणतो. पेशीवयाला कागदावरच्या वयाशी ताडून बघितलं की झिजण्याचा वेग निघतो, आणि वेग कळला की पुढे किती वर्षं उरलीत याचा अंदाज येतो. अगदी तंतोतंत नाही, पण पूर्वीच्या कुठल्याही कोष्टकापेक्षा खूप जवळचा.

सह्यकडा वीज कंपनीच्या निधीची मी सल्लागार. बेचाळीस हजार कामगार. पूर्वी सगळ्यांना साठाव्या वर्षी घरी पाठवत. एसीत बसलेला साहेब पुढे पंचवीस वर्षं पेन्शन खायचा, आणि उन्हापावसात तारा ओढलेला वायरमन पाच-सहा वर्षांत आटपायचा. पगारातून कपात मात्र दोघांची सारखीच. या अन्यायाने माझं डोकं फिरायचं. म्हणून २०३५ साली मी नियम लिहिला. ज्याची सरासरी अठरा वर्षं उरली असतील त्याने निवृत्त व्हायचं, मग तो कागदावर कितीही वर्षांचा असो. विश्रांती सगळ्यांना सारखी. पहिल्याच वर्षी शेकडो वायरमन वेळेआधी सुटले. काही जण पेढे घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी फार विनयशील बाई नाही. मी पेढे खाल्ले आणि वर आणखी मागितले.

जून २०४३ मध्ये वहिनींचा फोन आला.

"वन्सं, तुम्हाला सांगू नको म्हणालेत, पर मला राहवंना," त्या म्हणाल्या. "काल तुमचे दादा खांबावरनं उतरंनात."

"उतरंनात म्हणजे?"

"चढले, तार बांधली, आन् मग हातच धरंनात. पट्ट्यावर लटकून पाऊण तास तसेच. खालची पोरं हाका मारत्यात, तर हे म्हणत्यात, जरा हवा खातोय." वहिनींचा आवाज चिरकला. "मी म्हटलं, वन्संला सांगा, पुन्हा रगत तपासा. तर म्हणत्यात, शैलानं लिवलंय सहासष्ट. मी तिचं लिवलेलं खोटं पाडू व्हय?"

फोन ठेवला आणि मी खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. त्या दिवसापासून मी नीट एका जागी बसलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या खडकवाडीला गेले. तुम्ही म्हणाल, २०४३ सालीसुद्धा माणसं खांबावर चढतात? सपाटीवर नाही चढत. तिथे यंत्राचा हात असलेली गाडी येते. आमच्याकडे गाडी चढत नाही आणि ड्रोन वाऱ्याने भिरकावला जातो, त्यामुळे दादाच चढतो. दुपारी आम्ही जेवायला बसलो. दादा भाकरी कुस्करत होता आणि त्याचा उजवा अंगठा वळत नव्हता. माझं लक्ष गेलं तसा त्याने हात ताटाआड घेतला.

"फेरतपासणीचा अर्ज कर," मी म्हणाले.

"कशाला? चांगलं रगत पुन्हा काढून वाईट करायचं का?" तो हसला. मग विषय बदलायला म्हणाला, "एक तारखेला लई मज्जा झाली. आमच्या सेक्शनात चौदा जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. माझी साठी. कंपनीनं चौदा जणांत एकच केक आणला."

वहिनीही हसल्या. महाराष्ट्रात हे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या खेड्यांची जन्मतारीख एक जून. आईबापांना तारीख माहीत नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, मग मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीसुद्धा एक जूनच आहे.

"त्यातबी माझी साठी खोटीच," दादा म्हणाला. "मी चौथ्या वर्षीच शाळेत गेलो."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणालास?"

"आई रोजगार हमीच्या कामावर जायची, मला घरी कोण सांभाळणार? मी उंचापुरा. मास्तरनं उजवा हात डोक्यावरनं घ्यायला लावला, डाव्या कानाला लागतो का बघितलं. लागला. म्हणाले, सहा वर्षांचा झाला, घ्या. तुलाबी तसंच घेतलं की. तुझा हात पोचंना, तर मास्तरनं तुझी मान वाकवली."

तो हसत होता. मी ताट बाजूला सारलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आकडेवारीत कुठे अनैसर्गिक उंचवटा दिसला की तो पसरून सपाट करायचा. नियम लिहिताना मला दिसलं होतं की बेचाळीस हजारांपैकी अकरा हजार लोक एक जूनला जन्मलेत. मी मनाशी हसले होते. दिवस खोटा आहे हे माहीत होतं, म्हणून ते अकरा हजार जन्म वर्षभरात सारखे वाटून टाकले आणि पुढे गेले. वर्ष खरं आहे असं मी धरून चालले. ज्या बाईची मान वाकवून तिला सहा वर्षांची ठरवलं, तिने. मुंबईच्या एखाद्या गणितीला उंचवटा बघून शंका आली असती, त्याने चौकशी केली असती. मला वाटलं, हे तर आपलंच आहे, यात काय विचारायचं.

दोन वर्षांची चूक ऐकायला किरकोळ वाटते. पण बघा. दादाचं पेशीवय मोजलं तेव्हा ते त्याच्या कागदावरच्या वयाहून एक वर्ष कमी होतं. कागद म्हणाला, हा माणूस सावकाश झिजतो, याला राबवा. खरं वय कागदाहून दोन वर्षं कमी, म्हणजे पेशीवय त्याच्या खऱ्या वयाच्या एक वर्ष पुढे धावत होतं. तो भरभर झिजत होता. रक्त तेच, थेंब तोच, आणि उत्तर उलटं. वेग चुकला की पुढचं प्रत्येक वर्ष चुकत जातं.

पुण्याला परत आले आणि जुने अहवाल उघडले. दर वर्षी आम्ही दोन आकडे शेजारीशेजारी मांडतो. किती माणसं मरतील असं वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात किती मेली. एक जूनवाल्यांचा दुसरा आकडा सलग तीन वर्षं पहिल्यापेक्षा मोठा होता. समासात शेरा होता, "योगायोग असू शकतो. पुढील मूल्यांकनात पाहावे." अक्षर माझं. अपेक्षेपेक्षा दोनशे बारा माणसं जास्त गेली होती, सगळी कामावर असताना, माझ्या तारखेची वाट बघत. त्यांच्यातल्या कुणी मला पेढे आणले नव्हते. मी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, आणि रडून झाल्यावर स्वतःचा इतका राग आला की रडण्याचीही लाज वाटली.

पण दादाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मला खरं जन्मवर्ष सांगणारी वस्तू हवी होती, आणि ती माणसाच्या तोंडात असते. १९५५ ते ६३ च्या दरम्यान मोठ्या देशांनी उघड्यावर इतके अणुबॉम्ब फोडले की हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. चाचण्या थांबल्यावर तो वर्षागणिक ठरावीक प्रमाणात उतरत गेला. हवेतून तो पिकात येतो, पिकातून भाकरीत आणि दुधात, आणि तिथून लहान मुलाच्या दातावरच्या कवचात. हे कवच बालपणी एकदा तयार झालं की जन्मात बदलत नाही. त्यामुळे दाढेतला कार्बन मोजला की ती कुठल्या साली घडली ते कळतं, आणि कुठली दाढ कितव्या वर्षी घडते हे डॉक्टरांना ठाऊक असतं. एकेका माणसाबाबत वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे होतं, पण शंभर माणसं घेतली की सरासरी खोटं बोलत नाही.

मी एक जूनवाल्यांना दाढा मागितल्या. कंपनीत माझी भरपूर टिंगल झाली. किडलेली, दुखरी, काढायला टेकलेली अशा चौसष्ट दाढा आल्या. दादा स्वतः संगमनेरला जाऊन काढून आला. "दुखतच होती," म्हणाला, "तुझ्या कामाला आली तर बरंच." निकाल यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी काय खाल्लं, कुणाशी काय बोलले, मला आठवत नाही. दादाला फोन करून एवढंच विचारायचे, "आज चढलास?" तो रोज म्हणायचा, "थोडंसं."

चौसष्ट माणसं कागदापेक्षा सरासरी सव्वादोन वर्षांनी लहान निघाली. दादाच्या दाढेने जन्मवर्ष १९८५ सांगितलं. कागदावर १९८३ होतं.

निधीच्या विश्वस्तांचे अध्यक्ष पळणीटकर. माणूस वाईट नाही, पण कागदाबाहेर त्याला जग दिसत नाही. मी सगळं मांडलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे या लोकांनी नोकरीला लागताना खोटी जन्मतारीख दिली," ते म्हणाले.

"कुणी दिली? चार वर्षांच्या पोराने?"

"कायद्याच्या दृष्टीने—"

"साहेब, त्याच्या हाताला कान सापडला एवढाच त्याचा गुन्हा. पुढचा गुन्हा माझा आहे. यंदाच्या अहवालावर मी सही करणार नाही. माझ्या सहीशिवाय निधीचं वर्ष बंद होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी चष्मा परत चढवला. शेवटी म्हणाले, "नव्याने मोजा. ताजा थेंब घ्या, वर्ष दुरुस्त करा, पत्रं काढा. पण नियमाप्रमाणे. प्रत्येक पत्रात त्याची पात्रतेची तारीख हवी. कुणी उद्या म्हणायला नको की मोघम कारभार केला."

मी जिंकून बाहेर पडले. नव्या मोजणीला दोन महिने गेले. तेवढ्यात मी विश्वस्तांच्या मागे लागून एक जूनवाल्या वायरमनांचं खांबावर चढणं थांबवून घेतलं. दादा कुरकुरत खालचं काम करू लागला. यादी तयार झाली तेव्हा मी पहिल्यांदा त्याचं नाव शोधलं. वाकचौरे सुदाम. पात्रतेची तारीख, एक सप्टेंबर २०३४.

मी ती तारीख पुन्हा वाचली. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. नियम यायच्याही आधीची. खोट्या वर्षाचा हिशेब त्यात होताच, पण ताज्या थेंबाने गेल्या आठ वर्षांची खांबावरची झीजही दाखवली होती. मी थांबवायला हवी होती ती झीज.

आणि मग मला दुसरी गोष्ट दिसली. नियमाचं सगळं यश असं होतं की तो कुणालाही समजायचा. "अठरा उरली की सुट्टी," कँटीनमधला पोऱ्यादेखील सांगेल. आम्ही पत्रात किती वर्षं उरली ते कधीच लिहीत नाही, फक्त तारीख लिहितो. तारीख पुढची असेपर्यंत कुणी वजाबाकी करत नाही. पण ती मागची असली, तर अठरातून उलटलेली वर्षं वजा करायची, की उरलेली कळली. अकरा हजारांपैकी चौदाशे जणांच्या तारखा होऊन गेल्या होत्या. ती सुटकेची पत्रं नव्हती. प्रत्येकाच्या हातात त्याचं उरलेलं आयुष्य लिहून द्यायचं, आणि खाली माझी सही.

मी पत्र पर्समध्ये घालून खडकवाडीला गेले. दादा सेक्शन ऑफिसच्या ओट्यावर दोर गुंडाळत बसला होता. सकाळचे अकरा वाजले होते. बाकीचे लाइनवर गेले होते.

"वाच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणायचं ते सुचलंच नाही.

त्याने वाचलं. एकदा, मग परत. मग त्याच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. मला त्याचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही. नऊ पेरं झाली, अंगठा थांबला.

"म्हणजे निम्मी," तो म्हणाला.

"दादा, ही सरासरी असते. हजार माणसं घेतली तर—"

"मी हजार न्हाई, शैला. मी एकच हाये."

तीस वर्षं जे वाक्य मी तोंडावर फेकत आले ते त्याने मला परत दिलं होतं.

तो उठला. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला कधी असं अस्वस्थ पाहिलं नव्हतं. लहानपणी विंचू चावला तेव्हाही तो एका जागी बसून होता.

"असंच पत्र गेनूच्या भावाला जाणार?" त्याने एकदम विचारलं. "आन् त्या लाइनवरच्या कातोऱ्याला?"

"चौदाशे जणांना."

"कातोऱ्याची पोरगी बारावीला हाये. तिच्या हातात पडंल हे. ती मोजंल." तो थांबला. माझ्यावर ओरडला, जन्मात पहिल्यांदा. "तुला काय वाटतं, हे कागद न्यायाचं हायेत? आधी दोन वर्षं चोरलीस, आन् आता उरलेली पण चोरतेस! ज्याला म्हाईत न्हाई तो अजून सुखात हाये!"

"मग काय करू? पत्रं नाही पाठवली तर ते काम करत बसतील. काम करून मरतील. दादा, मला काय करू ते सांग!" मीही ओरडत होते. रस्त्यावरून जाणारी बाई थबकून बघत राहिली.

तो माझ्या शेजारी बसला. दोर पुन्हा गुंडाळायला घेतला.

"पाठव," मग म्हणाला. "सगळ्यांना सोड. पण ही तारीख लिवू नको. सगळ्यांना एकच लिव, आजची. म्हणजे अठराच दिसतील."

"ते खोटं होईल. माझ्या सहीने खोटं."

"मास्तरनं एकाच तारखेला सगळं गाव जन्माला घातलं. कुणाचं काय बिघडलं?"

"तुझं बिघडलं, दादा. त्यानेच तर बिघडलं."

"ते त्यानं न्हाई बिघडलं. ते त्यावर गणित केल्यानं बिघडलं," तो म्हणाला.

"आणि ज्याला खरं जाणून घ्यायचं असेल?"

"तो इचारंल. इचारलं तर सांग. न इचारता सांगायचं काय कारण?" पत्राची घडी घालून त्याने खिशात ठेवली. "मला कळलं तेवढं बास. तुझ्या वहिनीला न्हाई सांगायचं."

मी पुण्याला आले आणि चौदाशे पत्रं नव्याने काढली. प्रत्येकावर पात्रतेची तारीख एक सप्टेंबर २०४३. खाली एक ओळ घातली: आपली तपशीलवार मोजणी हवी असल्यास सल्लागारांकडे लेखी मागावी, ती पूर्ण दिली जाईल. पळणीटकरांनी यादी चाळली. इतक्या जणांची एकच तारीख कशी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ती मी लिहिली आहे, नियमात बसत नाही, आणि जाब मी देईन. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मग माझ्याकडे न बघता यादीवर शिक्का मारला. आमच्या व्यवसायाच्या संस्थेकडे मी स्वतःच सगळं लिहून कळवलं आहे. चौकशी लागली आहे. परवाना बहुतेक जाईल. जाऊ दे. दोनशे बारा माणसांपुढे तो किती मोठा आहे?

मोजणी मागणारी पत्रं आली ती फक्त नऊ. मी नऊही घरी जाऊन, समोर बसून, खरं सांगून आले. त्या भेटींविषयी मी कुठेच लिहिणार नाही.

दादाच्या घरी मी गणपती झाल्यावर गेले. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. दादाने दाढी नीट केली होती, अंगात नवा पांढरा सदरा होता, आणि रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. वहिनी आनंदाने नुसत्या भिरभिरत होत्या. पत्र त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलं होतं.

"अठरा वर्षं, वन्सं!" त्या मला म्हणाल्या. "मी तर ह्यांना म्हटलं, पहिली चार-पाच वर्षं कुठं हलायचंच न्हाई. नुसतं झोपा. पडवीत खाट टाकून देते. चाळीस वर्षं खांबावर काढली, आता अंग सैल सोडा. मग निवांत नर्मदा बघायला जाऊ. पोरीकडं बडोद्याला जाऊ. कशाची घाई हाये?"

दादा ताटात बघत होता. त्याने पाणी घेतलं.

"व्हय की न्हाई हो?" वहिनी त्याला म्हणाल्या. "बोला की. का अजून खांबच आठवतोय?"

"व्हय," दादा म्हणाला. "निवांत जाऊ."

वहिनी पोळी घेऊन माझ्याकडे वळल्या. "अठरा म्हणजे पक्की अठरा ना, वन्सं? तुमचं गणित चुकत न्हाई, म्हणून इचारते."

त्यांनी विचारलं होतं. मी दादाकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, डोळेही वर केले नाहीत. घरात चुलीवरच्या तुपाचा वास भरला होता आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

"नाही चुकत, वहिनी," मी म्हणाले. "पण तुम्ही आधी फिरून या. झोपायचं नंतर बघू."

वहिनींचा पोळी वाढणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं, आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिल्या. मग पोळी त्याच्या ताटात ठेवली आणि तिच्यावर तूप वाढलं, नेहमीपेक्षा जास्त.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग ह्याच दिवाळीला निघू."